पेट्रा : पाण्याच्या वाटेने पायी

जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगराविषयी लिहिणारे बहुतेक लोक तिथल्या थडग्यांविषयी लिहितात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गुलाबी कातळात कोरलेल्या त्या दर्शनी भिंती इतक्या भव्य आहेत की नजर सहसा दुसरीकडे वळतच नाही. परंतु ज्याची सारी नोकरी वडोदरा शहराच्या पाणीपुरवठ्यात गेली, आजव्याच्या तलावाची पातळी आणि मही नदीच्या पात्राखालून पाणी खेचणाऱ्या फ्रेंच विहिरींचा उपसा हेच ज्याचे रोजचे वर्तमानपत्र होते, त्याला तिथे पहिला प्रश्न वेगळाच पडतो. वर्षाकाठी जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या उघड्याबोडक्या डोंगरांत राहणारी हजारो माणसे, त्यांची जनावरे आणि दूरदूरवरून येणारे उंटांचे तांडे पीत काय होते? आमच्या वडोदऱ्यात सरासरी त्याच्या सहापट पाऊस पडतो, तरीही दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या भागातून तक्रारीचे अर्ज यायचे राहत नाहीत.

हा प्रश्न मनात घेऊनच नोव्हेंबरमध्ये आम्ही जॉर्डनला गेलो. बरोबर सौ., आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक व त्यांच्या पत्नी. त्यांना सगळेच ‘सर’ म्हणतात, म्हणून इथेही सरच म्हणतो. घोडा, गाढव, उंट किंवा बॅटरीवर चालणारी गाडी यांपैकी कशातही न बसता सगळे अवशेष पायीच पाहायचे, ही सरांची अट होती, आणि ती सर्वांनी आनंदाने मान्य केली होती.

पहिला दिवस : अम्मान ते वादी मूसा

अम्मानच्या विमानतळावरून दक्षिणेकडे जाणारा वाळवंटी महामार्ग सरळ, रुक्ष आणि कंटाळवाणा आहे. सुमारे तीन तासांच्या या प्रवासात दोन्ही बाजूंना करड्या मातीचे सपाट माळ, मधूनच फॉस्फेटचे ट्रक आणि चहाकॉफीच्या टपऱ्या याशिवाय सांगण्यासारखे काही नाही. ज्यांच्याकडे वेळ असेल त्यांनी केराक आणि दानावरून जाणारा जुना ‘राजमार्ग’ धरावा. तो वळणावळणाचा आणि अधिक देखणा आहे.

पेट्राला लागून असलेल्या आजच्या गावाचे नाव वादी मूसा. गावात शिरतानाच रस्त्याच्या कडेला तीन पांढरे घुमट असलेली एक छोटी इमारत लागते, आणि तिच्या आत एका खडकाखालून थंडगार, नितळ पाणी वाहत असते. हाच ऐन मूसा, म्हणजे मोझेसचा झरा. मोझेसने काठी आपटली आणि खडकातून पाणी निघाले अशी स्थानिक श्रद्धा आहे. गावातल्या बायाबापड्या प्लास्टिकचे कॅन भरून नेत होत्या. सरांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारले आणि म्हणाले, “तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.” पेट्राला पाणी पुरवणाऱ्या अनेक झऱ्यांपैकी हा एक प्रमुख झरा. शहर खाली दरीत, झरा वर डोंगरात. म्हणजे पाणी चढवायचे नव्हते, फक्त नीट उतरवायचे होते. यात पहिले अवघड काम उतार साधण्याचे, आणि दुसरे, त्याहून अवघड, पाणी वाटेत हरवू न देण्याचे.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग पावसात होता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने पेट्रा वसवणाऱ्या नाबातियन लोकांविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यात एक तपशील माझ्यासारख्याला फार बोलका वाटतो. हे लोक वाळवंटात जमिनीखाली टाकी खोदतात, त्यांचे तोंड अगदी लहान ठेवतात, आत मात्र खोली भरपूर वाढवत नेतात, आणि तोंड बुजवून केवळ आपल्यालाच ओळखू येतील अशा खुणा ठेवतात. शत्रू चाल करून आला की ते वाळवंटात निघून जात, आणि पाण्याचा ठावठिकाणा नसलेली फौज मागे फिरे. इसवी सनपूर्व ३१२ मध्ये अलेक्झांडरचा एक सेनापती अँटिगोनस याने त्यांच्यावर सैन्य पाठवले होते, त्या प्रसंगाच्या निमित्ताने हे वर्णन आले आहे. तंबूत राहणारे हे भटके लोक पुढच्या दोन-तीनशे वर्षांत राजे, व्यापारी आणि नगररचनाकार झाले. पण टाकी खोदण्याची विद्या त्यांनी सोडली नाही.

दुसरा दिवस : सीक आणि खजिना

दरवाजा सकाळी सहाला उघडतो आणि त्या वेळी आत शिरणे हेच शहाणपणाचे आहे, कारण नऊनंतर अम्मान आणि अकाबाहून येणाऱ्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागतात. पहिला टप्पा मोकळ्या दरीतून जातो. उजव्या हाताला घनाकृती कोरलेले प्रचंड दगड आहेत, ज्यांना स्थानिक लोक जिनांचे ठोकळे म्हणतात, आणि डाव्या हाताला चार सुळक्यांचे एक थडगे आहे. घोडेवाले मागे लागतात. घोड्यावरची छोटी फेरी तिकिटातच धरलेली असते आणि बक्षिसी मात्र वेगळी मागितली जाते. आम्ही हात जोडून पुढे निघालो.

सीकच्या तोंडाशी मी बराच वेळ थांबलो. सीक म्हणजे डोंगर दुभंगून झालेली सुमारे १.२ किलोमीटर लांबीची अरुंद घळ. भूगर्भातल्या हालचालींमुळे कातळ चिरला गेला आणि ही वाट तयार झाली; काही ठिकाणी ती तीन-चार मीटर एवढीच रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे मात्र ७०-८० मीटरपर्यंत चढत जातात. शहराचे हे नैसर्गिक प्रवेशद्वार म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीने वरदान, पण पाण्याच्या दृष्टीने सापळा. वरच्या डोंगरांवर एक जोरदार सर आली की सगळ्या ओहोळांचे पाणी याच चिरेत घुसणार. नाबातियनांनी त्यावर केलेला उपाय दोन हजार वर्षांनंतरही डोळ्यांसमोर आहे. त्यांनी घळीच्या तोंडावर बंधारा घातला, उजवीकडच्या डोंगरातून सुमारे ९० मीटर लांबीचा बोगदा खोदला, आणि पुराचे पाणी शहराला वळसा घालून पलीकडच्या दरीत काढून दिले.

हा बंधारा काळाच्या ओघात ढासळला, आणि त्याची किंमत १९६३ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सीकमध्ये अचानक लोंढा आला आणि वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक बुडाले. त्यानंतर त्याच जागी नवा बंधारा बांधण्यात आला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्येही पेट्रात मोठा पूर आला, पण तेव्हा हजारो पर्यटकांना वेळीच बाहेर काढता आले. विश्वामित्रीचे पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये आमच्या शहरात घराघरांत शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बंधारा आणि पूरवाट यांचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पुराला वाट ठेवा, मग शहर वसवा, हा क्रम नाबातियनांना कळला होता. आपल्याला तो अजून पुरता कळलेला नाही, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे आणि ते बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून अधिकच पक्के झाले.

सीकमध्ये शिरल्यावर सगळे जण माना वर करून चालतात, कारण उन्हाची तिरीप वरून झिरपत खाली येताना कडे कधी नारिंगी, कधी जांभळट दिसतात. मी मात्र भिंतीच्या कडेकडेने चाललो होतो. दोन्ही भिंतींना कमरेच्या-छातीच्या उंचीवर कातळात खोदलेल्या पन्हळी आहेत. एका बाजूची रुंद आहे, तिच्यावर एके काळी दगडी लाद्यांचे झाकण असे. दुसऱ्या बाजूच्या चरीत भाजलेल्या मातीच्या नळ्या बसवलेल्या होत्या, आणि काही जागी त्या अजूनही तशाच आहेत. अशा एका ठिकाणी खाली बसून पाहिले. प्रत्येक नळीचे एक टोक किंचित निमुळते, ते पुढच्या नळीच्या तोंडात सरकवलेले, सांधा चुन्याने भरलेला, आणि नळी हलू नये म्हणून चरीतही चुना ठासलेला. चुन्यावर मागे राहिलेला क्षारांचा पांढुरका थर नखाएवढा जाड. उतार इतका अल्प की नुसत्या डोळ्यांना तो कळतही नाही. यातला विचार असा असावा : नळी तुडुंब भरून दाबाने वाहू लागली तर असले मातीचे सांधे फुटतील, म्हणून ती अर्धीमुर्धीच भरून वाहावी, इतकाच उतार द्यायचा. शिवाय मध्ये मध्ये गाळ बसण्यासाठी छोटी कुंडे आहेत, आणि आजूबाजूने येणाऱ्या लहान घळींच्या तोंडांवरही छोटे बांध आहेत, म्हणजे वरून येणारी माती थेट पन्हळीत पडू नये.

“अहो, सगळे जग वर बघत चालले आहे, आणि तुम्ही एकटेच भिंतीला नाक लावून!” सौ. म्हणाली. सरांनी माझी बाजू घेतली. “वहिनी, वरचे देवाने केले आहे, खालचे माणसाने.” त्यांनी आम्हाला सीकच्या मधोमध असलेले एक झिजलेले शिल्प दाखवले. उंटांचा तांडा आणि त्यांना हाकणारे पुरुष, अंगभर मोठे, कातळात कोरलेले. वरचे भाग वाऱ्यापाण्याने गेले आहेत. उंटांचे पाय, एका माणसाची पावले आणि त्याच्या अंगरख्याचा घोळ तेवढा उरला आहे. १९९० च्या दशकात सीकमधला साचलेला गाळ काढून मूळ फरसबंदी मोकळी केली, तेव्हा हा खालचा भाग उजेडात आला. पाण्याची पन्हळ या उंटांच्या मागूनच नेलेली आहे, त्यामुळे तांडा पाण्याच्या बरोबरीने शहरात शिरतो आहे असा भास होतो.

घळीच्या शेवटी चिरेतून खजिन्याचा एक उभा तुकडा दिसतो, आणि मग एकदम मोकळ्या चौकात आपण त्याच्या समोर असतो. अल-खझ्ने, म्हणजे खजिना, हे नाव बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब लोकांनी दिलेले. माथ्यावरच्या दगडी कलशात फारोने धन लपवले आहे अशी त्यांची समजूत होती, आणि तो फोडण्यासाठी झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा कलशावर आजही दिसतात. कलश भरीव दगडाचा आहे. वास्तू सुमारे ३९ मीटर उंच, २५ मीटर रुंद आणि आतून जवळपास कोरी. दर्शनी भाग हेच तिचे सर्वस्व. ग्रीक धर्तीचे खांब, इजिप्तच्या इसिस देवीची छाया असलेली मूर्ती, गरुड आणि अश्वदेव, असे अनेक देशांचे उसने घेतलेले साहित्य इथे एकत्र नांदते. चौथा आरेटास या राजाचे हे थडगे असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याची कारकीर्द इसवी सनपूर्व ९ पासून इसवी सन ४० पर्यंतची. चौकातल्या जाळीतून खाली पाहिले की मूळ जमीन कितीतरी खोल होती हे समजते. २००३ मध्ये तिथे थडग्यांच्या खोल्या सापडल्या, आणि २०२४ मध्ये आणखी एका थडग्यात बारा जणांचे सांगाडे मिळाले. म्हणजे गोळ्या झाडणाऱ्यांनी वर नेम धरला होता आणि खरे काय ते पायाखाली होते.

उरलेला दिवस दर्शनी थडग्यांची गल्ली, कातळात कोरलेले नाट्यगृह आणि पूर्वेकडच्या कड्यावरची राजथडगी यांत गेला. नाट्यगृह खोदताना त्यांनी आधीची थडगी निःसंकोच कापून काढली आहेत. मागच्या भिंतीत त्यांची अर्धी उरलेली तोंडे दिसतात. कलशथडग्याच्या आतल्या विशाल दालनात पुढे पाचव्या शतकात चर्च भरू लागले. तिथल्या छताइतके रंगीत छत मी दुसरे पाहिलेले नाही. लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांनी वालुकाश्मात पट्टे उमटवले आहेत, आणि ते पाहून सौ.ला आणि सरांच्या पत्नींना एकाच वेळी पटोळ्याची आठवण झाली.

तिसरा दिवस : बळीचा माथा, सिंहाचे कारंजे आणि एक गडप झालेला तलाव

नाट्यगृहाच्या अलीकडून डाव्या हाताला कातळात खोदलेल्या पायऱ्या अल-मदबा या माथ्यावर जातात. चढ दमछाक करणारा आहे, परंतु पायऱ्या रुंद आणि सकाळी सावलीत असतात. वर पोचताच दोन दगडी स्तंभ दिसतात, प्रत्येकी सुमारे सहा मीटर उंच. ते आणून उभे केलेले नाहीत. त्यांच्याभोवतीचा डोंगराचा सगळा माथा छिलून काढला आणि तेवढे दोन उभे ठेवले. आणखी वर बळी देण्याची वेदी, तिच्याभोवतीचा सपाट चौक, आणि रक्त वाहून जाण्यासाठी कोरलेली पन्हळ. तिच्या शेजारीच पाण्याचे टाके आहे. पूजेची जागा असो, थडगे असो वा घर असो, टाक्यावाचून या लोकांचे काही पूर्ण होत नसे. कान्हेरीच्या लेण्यांत किंवा आपल्या गडांवर खोदीव टाकी पाहिलेल्या मराठी माणसाला हे दृश्य अगदी ओळखीचे वाटते, आणि पावागडावर वाढलेल्या आमच्या बडोदेकरांना तर अधिकच.

उतरताना आम्ही आलो ती वाट सोडून मागच्या बाजूने वादी फरासाची वाट धरली. ती न चुकता धरावी, असा माझा आग्रह राहील. गर्दीपैकी फार थोडे लोक इकडे येतात. वाटेत कातळात कोरलेला, चार-साडेचार मीटर लांबीचा एक सिंह लागतो. त्याचे डोके गेले आहे. वरच्या डोंगरातून आणलेले पाणी त्याच्या तोंडातून पडत असे, आणि माथ्याकडे जाणारे यात्रेकरू इथे पाणी पीत असतील. मागच्या कड्यावरून खाली येणारी पन्हळीची रेघ बोटाने दाखवता येते. थोडे खाली ‘बागेचे थडगे’ म्हणून ओळखली जाणारी खांबांची सुबक वास्तू आहे, आणि तिच्या शेजारच्या घळीला भिंत घालून केलेले एक मोठे बांधीव टाके. भिंतीचे चिरे इतके नेटके बसलेले आहेत की सुरी जायची नाही. दगडांवर तिरप्या छिन्नीच्या समांतर रेघा दिसतात. नाबातियन पाथरवटांची ही खूण एकदा ओळखता आली की पुढे पेट्राभर ती भेटत राहते.

शिधा म्हणून वडोदऱ्याहून आणलेले थेपले आणि लसणाची कोरडी चटणी आम्ही इथेच सोडली. जवळच्या एका बेदुईन आजीबाईंनी सेजची पाने घातलेला गोड चहा दिला आणि थेपल्याचा तुकडा हातात घेऊन नीट उलटसुलट पाहून मगच तोंडात टाकला. १९८० च्या दशकापर्यंत हे लोक याच गुहांतून राहत होते. १९८५ मध्ये पेट्राला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्याच सुमारास त्यांना शेजारच्या उम्म सैहून या वस्तीत हलवण्यात आले. गाढवे, टपऱ्या आणि चहा यांविषयी पर्यटक नाक मुरडतात, परंतु ज्यांची घरेच आपण पाहायला आलो, त्यांनी चार पैसे मिळवू नयेत हे म्हणणे मला पटत नाही. जनावरांना मारहाण होते ती मात्र थांबायलाच हवी.

दरी संपते तिथे खालचे शहर सुरू होते. खांबांची रांग असलेला रस्ता रोमन आमदानीतला; इसवी सन १०६ मध्ये ट्राजन बादशहाने हे राज्य रोममध्ये विलीन केले. रस्त्याच्या दक्षिणेला ज्याला महामंदिर म्हणतात त्या वास्तूच्या शेजारी एक मोकळा, उंचसखल, झुडपांनी भरलेला भाग आहे, जिथे कोणी थांबत नाही. फार पूर्वीपासून त्याला खालचा बाजार समजत असत. १९९८ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि बाजाराऐवजी निघाला तो तलाव, सुमारे ४३ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद, मधोमध बेटावर मंडप, आणि समोर बाग. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पन्हळीने आणून त्यात सोडलेले होते.

मी त्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला माझ्या प्रश्नाचा सगळा रोख बदललेला जाणवला. तहान भागवणे ही त्यांची अडचण उरलीच नव्हती. आठ-दहा दिवस रखरखाटातून चालून आलेल्या परदेशी व्यापाऱ्याला राजाने आपली सत्ता दाखवायची ती सोन्याने नव्हे, तर पोहण्याजोगे पाणी आणि हिरवी बाग समोर ठेवून. सर म्हणाले, “सयाजीराव महाराजांच्या आजव्याखालीही बाग आहेच की!” फरक इतकाच की आजवा १८९० च्या सुमारास शहराच्या नळांसाठी बांधला गेला आणि शोभा नंतर आली.

संध्याकाळपर्यंत आम्ही बायझंटाइन चर्चमधली जमिनीवरची चित्रे पाहिली. ऋतू, मासे, उंट, जिराफ असे सगळे बारीक दगडांत मांडलेले आहे. याच चर्चमध्ये १९९३ मध्ये जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या सुमारे १४० गुंडाळ्या सापडल्या, सहाव्या शतकातल्या, जमीनजुमला, लग्ने आणि करांच्या कागदपत्रांनी भरलेल्या. ३६३ च्या भूकंपाने पेट्रा संपले असे सर्रास सांगितले जाते, ते या गुंडाळ्यांनी खोटे ठरवले. शहर त्यानंतरही दोनशे वर्षे दस्त नोंदवत होते.

कस्र अल-बिंत या एकमेव मोठ्या बांधीव मंदिराच्या पलीकडे एक अर्धवट थडगे आहे. फक्त वरच्या खांबशीर्षांपर्यंत कोरलेले, खाली सगळा आडवा कातळ. काम कळसापासून पायाकडे कसे चाले ते यात उघड दिसते. वेरूळच्या कैलासाची हीच रीत, पण ती सात-आठ शतकांनंतरची.

चौथा दिवस : छोटे पेट्रा आणि मागच्या वाटेने अद-दैर

पेट्राच्या उत्तरेला आठ-नऊ किलोमीटरवर सीक अल-बारिद, म्हणजे छोटे पेट्रा आहे. तांड्यांचा मुक्काम शहराबाहेर पडावा, म्हणून केलेली ही पेठ असावी. इथली घळ आखूड आणि घरगुती वाटते. दोन्ही बाजूंना जेवणघरे, कोठारे, आणि अर्थातच टाकी. एका टाक्याच्या पायऱ्या उतरून आत गेलो, तर भिंतींना पाणी न झिरपू देणारा गिलावा अजून शाबूत होता, हाताला गुळगुळीत लागणारा.

एका दालनाच्या छतावर रंगीत चित्र उरले आहे. द्राक्षांचे वेल, फुले, पक्षी, आणि त्यांच्यात खेळणारी पंखवाली मुले. शेकडो वर्षांच्या चुलींच्या काजळीखाली ते दडले होते. ती साफ करून ते पुन्हा उजळण्यात आले. सर त्या मुलांकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “याचा भाऊ आपल्या अकोट्यात सापडला.” वडोदऱ्याच्या अकोटा भागात प्राचीन अंकोट्टक होते, आणि तिथे मिळालेल्या वस्तूंत रोमन धाटणीची, इरॉस या पंखवाल्या बालदेवतेची आकृती असलेली एक कांस्याची मूठ आहे. नवल वाटण्याचे कारण नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवर्णनात ही दोन्ही टोके आहेत. तांबड्या समुद्रावरच्या ल्यूके कोमे या बंदरातून नाबातियनांचा राजा मालिकस याच्या पेट्राकडे वाट जाते, असे त्यात लिहिले आहे. आणि पुढे बारिगाझा, म्हणजे आमच्यापासून तास-दीड तासावरचे भडोच, तिथले सुती कापड, हस्तिदंत, अकीक, पिंपळी, आणि नर्मदेच्या मुखाशी परक्या जहाजांना गिळणारी भरती यांचे सविस्तर वर्णन आहे. अरबस्तानातला धूप आणि हिराबोळ उंटांवर लादून पेट्रामार्गे गाझाला जात असे. त्या ओझ्यांत पिंपळीचे एखादे पोते नर्मदेच्या काठचे नसेल असे कोणी सांगावे?

तिथून जवळच बैदा येथे नवाश्मयुगीन वस्तीचे गोल आणि चौकोनी घरांचे पाये आहेत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे. सरांना तिथून हलवणे कठीण गेले.

बैदाहून मागच्या वाटेने अद-दैर, म्हणजे ‘मठ’, या डोंगरातल्या प्रचंड कोरीव वास्तूपर्यंत चालत जाता येते. या वाटेवर तिकीट मिळत नाही, ते आधीच काढलेले असावे लागते, आणि वाटाड्या घेणे उत्तम. पहिला तास सपाट आहे. नंतर वाट कड्याला बिलगून चढू लागते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि काही जागी दोन माणसांनी शेजारी चालू नये इतकी अरुंद. पश्चिमेला वादी अरबाचा विस्तीर्ण खळगा धुरकट दिसतो. दक्षिणेकडे हारूनच्या डोंगरावर पांढरा ठिपका दिसला. मोझेसचा भाऊ हारून याची ती कबर. १८१२ मध्ये बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी अरबी वेशात, शेख इब्राहिम या नावाने, तिथे बकरा अर्पण करायचा आहे अशी बतावणी करून पेट्रात शिरला, आणि युरोपला या शहराची बातमी लागली. बेदुईनांना ती आधीपासूनच होती.

तीनेक तासांनी वळण घेतले आणि अद-दैर अचानक बाजूने समोर आले. खालून आठशेहून अधिक पायऱ्या चढून येणाऱ्यांना ते धापा टाकत दिसते. आम्हाला ते सपाटीवरून चालत भेटले. खजिन्यापेक्षा उंच आणि रुंदीला जवळजवळ दुप्पट, नक्षी मात्र जवळपास नाही. मला हे खजिन्यापेक्षा सरस वाटले. सौ.ला खजिनाच आवडला, आणि या मुद्द्यावर आमचे उतरेपर्यंत एकमत झाले नाही. उतरण्याच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, गाढवे त्याच वाटेने येतात, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काठी जरूर घ्यावी.

पाचवा दिवस : संग्रहालय आणि परतीची वाट

दरवाजाजवळचे पेट्रा संग्रहालय २०१९ मध्ये जपानच्या साहाय्याने उभे राहिले. बहुतेक लोक थकून ते टाळतात. तिथे मातीच्या नळ्या, गाळण्या आणि शिशाचे जोड काचेमागे मांडले आहेत, आणि पाणी कोणत्या झऱ्यातून कुठे जाई याचा नकाशा आहे. प्रत्यक्ष चालून झाल्यावर तो नकाशा वाचण्यात जी गंमत आहे ती आधी वाचण्यात नाही, म्हणून संग्रहालय शेवटी पाहावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे : निघण्यापूर्वी ऑनलाइन ‘जॉर्डन पास’ घेतला आणि देशात किमान तीन रात्री राहिले, तर व्हिसाचे शुल्क माफ होते आणि पेट्राचे तिकीटही त्यातच येते, पास एक, दोन किंवा तीन दिवसांच्या पेट्रासाठी मिळतो आणि त्यांच्या किमतीत प्रत्येकी पाच दिनारांचाच फरक आहे, म्हणून तीन दिवसांचाच घ्यावा. शाकाहारी माणसाचे हम्मूस, फलाफल, वांग्याचे मुतब्बल आणि झातर लावलेल्या रोटीवर उत्तम चालते. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चालण्याचे महिने. त्यांत पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी सीक बंद ठेवतात. तसे झाले तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये.